बाळ येतंय म्हणून मांजर सोडून द्यायची? एका व्हायरल मेसेजचा प्रतिवाद

घरात गोड बातमी आली की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच. मांजर झोपलेल्या बाळाचा श्वास ओढून घेते. कुत्र्या-मांजराचा केस पोटात गेला की गाठ होते, छातीत गेला की दमा. पोटुशीच्या घरात मांजर असेल तर मुलात व्यंग येतं. कुत्रा बाळाचा दुस्वास करतो. आणि शेवटी जरा धीरही दिलेला असतो: घरच्या कुत्र्याची लाळ औषधी असते, नख लागलंच तर हळद-चुना लावा, सुईची गरज नाही. तरीही बारशाच्या आत प्राणी बाहेर काढलेला बरा.

हा मेसेज केसांची भीती घालतो आणि ओरखड्याबद्दल निर्धास्त करतो. नेमकं उलट हवं. खरा धोका दातांत, नखांत, विष्ठेत आणि मोठ्या माणसाची पाठ फिरलेल्या दोन मिनिटांत असतो. म्हणून आधी त्या औषधी लाळेचंच बघू, कारण त्या एका वाक्याने जीव जाऊ शकतो.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. चावा हा त्याचा नेहमीचा मार्ग, पण तेवढाच नाही. रक्त निघालेला ओरखडा, सोललेल्या कातडीवर चाटणं, डोळ्यात किंवा तोंडात लाळ जाणं, एवढं त्याला पुरतं. बाळाची सोललेली कातडी म्हणजे लंगोटाखाली लाल झालेली जागा, खाजवून फुटलेलं घामोळं, नुकताच टोचलेला कान. मुंबईच्या मे महिन्यात अशी एखादी जागा बहुतेक बाळांच्या अंगावर सापडतेच. शिवाय निरोगी, लस घेतलेल्या कुत्र्याच्या तोंडातही पाश्चुरेला, कॅप्नोसायटोफेगा यांसारखे जिवाणू असतात. धड कातडीवर जीभ लागली तर साबणाने धुतलं की झालं, सुई लागत नाही. तोंड, डोळे आणि जखम मात्र चाटू द्यायची नाही, मग कुत्रा कितीही लाडका असो.

नख किंवा दात लागलाच तर बाळाला उचलून मोरीत न्या आणि ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच. बाळ रडेल, घरचे ‘पुरे आता’ म्हणतील, तरी वेळ पूर्ण करा, कारण साबणाने या विषाणूचं वेष्टण मोडतं आणि पाण्याने तो वाहून जातो. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काहीही नको. त्यांनी जखम चिघळते, विषाणू आत नसांकडे ढकलला जाऊ शकतो आणि डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही. घट्ट पट्टी बांधू नका, लगेच टाके घालण्याचा आग्रह धरू नका.

मग त्याच दिवशी दवाखाना. रक्त न निघालेला ओरखडा असेल तर लस लागते. रक्त निघालं असेल, दात रुतला असेल किंवा सोललेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, आणि ते जखमेत व जखमेभोवती टोचतात. लशीचा परिणाम दिसायला काही दिवस जातात, तोवर विषाणूला जखमेतच अडवण्याचं काम हे औषध करतं. त्यामुळे ‘पहिली सुई झाली, बाकी नंतर बघू’ असं चालत नाही. लस त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिली सुई टोचली तो दिवस. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

‘एवढ्याशा जिवाला ही लस झेपेल का?’ हा आजीचा प्रश्न मनापासूनचा असतो. उत्तर सरळ आहे: या लशीला वयाची अट नाही, तान्ह्या बाळालाही ती देतात. दोन वर्षांखालच्या मुलाला ती मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात, कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत तिचा परिणाम कमी होतो. ‘कुत्र्याला दहा दिवस बघू, मग ठरवू’ हाही अर्धाच समज. दहा दिवस कुत्र्यावर किंवा मांजरावर लक्ष ठेवायचं ते लस सुरू करून. दहा दिवसांनंतर प्राणी ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर सांगतील. बाळाला बहुधा चेहऱ्यावर किंवा बोटांवर लागतं. तिथे नसांचं जाळं दाट, त्यामुळे हातात वेळ कमी असतो. आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय उरत नाही.

प्राण्याची बाजूही पक्की हवी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग बूस्टर, पुढे दरवर्षी. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजरीलाही द्या. चाळीच्या गॅलरीत बाहेरचे बोके येतात आणि खिडकीच्या ग्रिलमधून भांडणं होतात. तुंबलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसपासूनही कुत्र्याची लस वाचवते ना, हे विचारून घ्या. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर हा आजार मुंबईला चांगलाच ठाऊक झाला. तुंबलेल्या पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्याचे पंजे दारातच साबणाने धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा, मगच त्याला बाळ रांगतं त्या फरशीवर येऊ द्या.

आता केस. केस पोटात गेला तर पचत नाही, शीवाटे निघून जातो. त्याची गाठ होत नाही. पण या अफवेच्या मुळाशी एक खरा आजार आहे. कुत्र्याने शेळी-मेंढीचं कच्चं काळीज किंवा फुफ्फुस खाल्लं तर त्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढू शकतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगावरच्या केसांना चिकटतात, तिथून हाताला आणि हातातून तोंडात. माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेली गाठ होते ती या अंड्यांपासून. म्हणजे केस हा फक्त हमाल. खाटकाकडून आणलेलं काहीही कच्चं घालायचं नाही आणि या कृमीवर चालणारं प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यायचं, की हा रस्ताच बंद होतो.

गोल जंतांचं भय पिल्लांकडून जास्त, कारण ते आईकडूनच जंत घेऊन येतात. पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून आठ आठवडे होईपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं, डोस वजनावर. हे जंत मुलाच्या पोटात मोठे होत नाहीत, पण त्यांच्या अळ्या शरीरात फिरतात आणि डोळ्यात पोचल्या तर दृष्टीला इजा करतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना मातीत दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली की बरंचसं काम होतं. आपल्याकडे विसरली जाणारी जागा म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. मांजर तिथे उकरते आणि नऊ महिन्यांचं बाळ तीच माती चाटतं. कुंडीवर जाळी बसवा किंवा मोठे गोटे रचा.

दम्याचं म्हणाल तर वावडं केसाचं नसतं, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांचं असतं. स्वीडनमध्ये सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दमा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणून औषधासारखा कुत्रा आणा असं कोणी म्हणू नये, पण ‘प्राणी म्हणजे दमा’ हे समीकरण टिकत नाही. ज्या बाळाला आधीच वारंवार घरघर होते किंवा अंगावर इसब आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डॉक्टरांशी बोला, प्राण्याला निजायच्या जागेपासून दूर ठेवा, दुपटी-चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, अंग विंचरायचं ते घराबाहेर. आणि कळकळीची विनंती: न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला दिली जाणारी धुरी, मच्छर अगरबत्ती आणि पावसाळ्यात भिंतीवर धरलेली बुरशी आधी थांबवा. त्या धुराने आणि बुरशीने छोट्या छातीला होणारा त्रास मांजरीच्या माथी मारला जातो. केसांच्या धास्तीने बाळाचे कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवणंही नकोच. काही बाळांत जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात. कुत्र्या-मांजराने गोळी गिळली तर त्यालाही विषबाधा होते.

गर्भारपणातल्या मांजरीबद्दलचा दावा निम्मा खरा आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गर्भारपणात पहिल्यांदा त्याची लागण झाली तर गर्भाला गंभीर इजा होऊ शकते. पण मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकते, आणि बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. त्यामुळे मांजरीच्या शी-शूच्या ट्रेमधली रेती रोज बदलली तर धोका फार कमी होतो, आणि हे काम नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी करायचं. गर्भवतीलाच करावं लागलं तर हातमोजे, नंतर साबण. मांजरीला शिजवलेलं किंवा तयार खाद्य, कच्चं मटण-मासे नाहीत. हाच परजीवी अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या पालेभाजीतूनही येतो. मांजर हाकलून मातीची कोथिंबीर तशीच चिरली, तर काही साधत नाही. ट्रेबाहेर शू झाली असेल तर आधी फडक्याने टिपून साबणाने धुवा. शूवर थेट ब्लीच ओतलं की घशाला झोंबणारा वायू निघतो आणि तो फरशीलगत निजलेल्या बाळाला आधी गाठतो.

मांजर श्वास ओढत नाही. ती ऊब शोधते, आणि बाळ उबदार असतं. पण तीन-चार किलोची मांजर तान्ह्याच्या तोंडाला चिकटून झोपली तर नाक दाबलं जाऊ शकतं, कारण त्या वयात मान वळवून सुटता येत नाही. एवढ्यासाठी नियम एकच: बाळ निजलेलं असताना जागं मोठं माणूस जवळ नसेल तर प्राणी त्या खोलीत नको. एकाच खोलीचा संसार असेल तर मांजरीला रात्री स्वयंपाकाच्या जागेत किंवा ऐसपैस पिंजऱ्यात झोपायची सवय गर्भारपणाच्या सातव्या महिन्यापासूनच लावा. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी मांजरीच्या उडीने बाळावरच कोसळते. तिच्यावर भिस्त ठेवू नका. बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा. उशी, मऊ खेळणी, सैल गोधडी नको.

कुत्र्याच्या मनात दुस्वास नसतो, गोंधळ असतो. एका दिवसात फिरायची वेळ बदलते, पलंग बंद होतो, अनोळखी रडणं सुरू होतं. हे बदल प्रसूतीच्या दोन-तीन महिने आधी एकेक करून आणा. तान्ह्याच्या रडण्याचं रेकॉर्डिंग आधी अगदी हळू आवाजात लावा, कुत्रा शांत राहिला की खाऊ द्या, काही आठवड्यांत आवाज वाढवत न्या. हॉस्पिटलातून बाळाचं वापरलेलं दुपटं घरी पाठवा आणि दुरूनच हुंगू द्या. घरी आल्यावर आईने आधी एकटीने कुत्र्याला भेटावं. बाळाची भेट त्याला भरपूर फिरवून आणल्यावर, पट्टा दुसऱ्याच्या हातात, सहा-सात फुटांवरून. त्याने नजर काढून घेतली की शाबासकी.

‘आमचा कुत्रा चावणारच नाही’ असं मात्र कोणी म्हणू नये. लहान मुलांना ओळखीचा कुत्राही चावतो. चावण्याआधी तो सांगत असतो: तोंड फिरवतो, उगाच जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करून थिजतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. बाळाला उचला आणि कुत्र्याला मोकळी वाट द्या. खरी कसोटी बाळ रांगायला लागतं तेव्हा लागते, साधारण सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान, जेव्हा ते आपणहून त्याच्या ताटलीपर्यंत पोचतं. कुत्र्याचं जेवण आणि हाडूक वेगळ्या जागी, दारात अडीच-तीन फुटांची फळी लावून. जेवण झालं की ताटली उचलून ठेवायची.

मेसेज ज्यांच्याबद्दल गप्प आहे तेही सांगायला हवं. टाकीतल्या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असतो. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात कासव नकोच आणि त्याची टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. खिडकीच्या छज्जावर साचलेली कबुतरांची विष्ठा सुकी झाडू नका, पाणी मारून ओली करा आणि मास्क लावून उचला, बाळ दुसऱ्या खोलीत असताना. गोचीड-पिसवांचं औषध मानेवर लावलं की ते पूर्ण वाळेपर्यंत बाळाचा हात तिथे लागू द्यायचा नाही. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजरीला लावलं तर ती मरू शकते.

राहिला बारशाआधी सोडून देण्याचा सल्ला. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ज्या मांजरीला लस आणि जंताचं औषध मिळत होतं, ती महिन्याभरात त्याच आवारात बिनलशीची होऊन फिरू लागते, जिथे उद्या बाळाला दुपारी उन्हात न्यायचं असतं. खरंच सांभाळणं अशक्य असेल, तर आधी आपल्या पशुवैद्याशी किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या प्राण्यांच्या रुग्णालयात बोला, नात्यातलं एखादं घर शोधा, आणि देताना तिचं लशीचं पुस्तक, शेवटचं जंताचं औषध दिल्याची तारीख, तिची ताटली आणि वास असलेलं अंथरूण बरोबर द्या.