सेव्ह कुठे करायचं?

जग वाचवायला वेळ लागतो याबद्दल माझी तक्रार नाही. तो सलग लागतो, ही तक्रार आहे.

फायनल फँटसी 3 हा मुळात 1990 सालचा, फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्रावरचा व्हिडिओ खेळ. तो सोळा वर्षं अधिकृतपणे जपानबाहेर पडलाच नाही. 2006 साली निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या गेम-यंत्रासाठी तो नव्याने घडवला, तेव्हा कुठे बाकीच्या जगाची आणि त्याची गाठ पडली. मला तो मिळाला त्याहून बऱ्याच उशिरा, जुन्या डीएससकट. मूळ खेळातल्या चार बिननावाच्या पोरांना यात नावं आहेत: लुनेथ, आर्क, रेफिया, इंगस. चेहरे आहेत, घरदार आहे, त्रिमिती डोंगर आहेत. एवढं सगळं हौसेनं केलं, पण शेवटच्या मनोऱ्यात सेव्ह करायला वीतभर जागा ठेवली नाही.

सेव्ह करायचं ते बाहेर, मोकळ्या नकाशावर. क्रिस्टल टॉवरमध्ये शिरलं की मजले चढायचे, माथ्यावर झँडे नावाच्या खलनायकाला लोळवायचं, मग अंधाराच्या जगात उतरून आणखी चार राक्षस आणि शेवटी क्लाउड ऑफ डार्कनेस नावाची बाई. कुठेही मेलात तर पुन्हा मनोऱ्याच्या दारात. तात्पुरतं सेव्ह आहे म्हणा, पण पुन्हा खेळायला बसलात की ते पुसलं जातं. थोडक्यात, कोथिंबीर आणायला जायची सोय आहे, मरायची नाही.

झँडे पडला तेव्हा मी जागेवरून उठून पाणी प्यायलो. परत येतो तर ही बाई हजर, आणि एका फटक्यात चौघेही आडवे! ही हार कथेतच लिहिलेली असते, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला ते कोण सांगणार? मी "मेलो!" म्हणून असा ओरडलो की आई लाटणं हातात घेऊनच धावत आली. तोवर राजकन्या सारा, सिड वगैरे पाच भले आत्मे गोळा होऊन माझ्या माणसांना उठवत होते.

"उठले की रे सगळे," आई म्हणाली. "उगाच घर डोक्यावर घेतोस."

पण ती तिथेच बसली. त्या चार राक्षसांतलं तीन डोक्यांचं कुत्रं तिला आवडलं. बाई एका फेरीत दोनदा मारते आणि आमचा प्रत्येकजण एकदाच, हे कळल्यावर मात्र ती संतापली. "मेलेल्याला उठवायचं औषध आहे ना? दे की!" फिनिक्स डाउन, म्हणजे मेलेल्याला उठवणारं पीस, या खेळात दुकानात विकतच मिळत नाही, सापडेल तेवढंच आपलं, हे मी तिला समजावलं. मग तिचा सूर एकदम बदलला. "मग जपून वापर. इतक्यात नको." आमच्या घरात भारी कपबशाही पाहुण्यांची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे इंगस पडूनच राहिला आणि पिशवीतली पिसं शाबूत राहिली.

बाई थकत आली होती, निदान मला तसं वाटत होतं, तेवढ्यात डीएसचा दिवा लाल झाला. चार्जरची वायर पोहोचेल असा घरात एकच प्लग, ओट्यावरचा. तिथे मिक्सर लावलेला.

"आई, पाच मिनिटं. जग बुडतंय."

"बुडू दे," ती उठत म्हणाली. "चटणी व्हायचीय अजून."