फिस्कारणाऱ्या मांजरीची बाजू

अपंग मांजर घरातल्या इतर मांजरांवर धावून जाऊ लागली, की "तिचा स्वभावच तापट आहे" असे म्हणून तिला कायमचे एका खोलीत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला हा सल्ला अन्यायकारक वाटतो. धडधाकट मांजर भांडण टाळायचे असेल तर कपाटावर जाऊन बसते. जिला पळताच येत नाही, तिच्यापुढे समोरच्याला आधी पळवून लावण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही. तिच्या आक्रमकतेमागे बहुधा भीती तरी असते किंवा वेदना तरी.

नेरूळच्या आमच्या वन बीएचकेमध्ये तीन मांजरे आहेत, तिघांचीही नसबंदी झालेली आहे. त्यांतली चिंगी कण्याला मार बसल्यामुळे मागचे पाय ओढत चालते आणि तिच्या शेपटीतही जीव नाही. मांजरे एकमेकांचा राग-लोभ कान आणि शेपटीवरून ओळखतात. चिंगीची शेपटी नुसती लोंबत असल्यामुळे आमच्या बंड्या बोक्याला इशारा मिळतो तो तिच्या पाडलेल्या कानांवरून आणि फिस्कारण्यावरूनच. म्हणूनच फिस्कारल्याबद्दल तिला ओरडणे किंवा तिच्यावर पाणी उडवणे मला घातक वाटते. त्याने भीती वाढते, आणि इशारा देणे बंद झाले तर पुढच्या वेळी थेट पंजाच बसतो.

वेदनेची शंका मात्र सर्वांत आधी फेडून घ्यावी. कण्याला इजा झालेल्या अनेक मांजरांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, ते हाताने दाबून रिकामे करावे लागते, आणि साचलेल्या लघवीमुळे संसर्ग वारंवार होतो. आतापर्यंत शांत असलेली अशी मांजर एकाएकी चिडचिडी झाली, तर स्वभावाची चर्चा करण्यापूर्वी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्यावी. मांजरे दुखणे लपवतात. खाणेपिणे ठीक आहे म्हणजे दुखत नाही, असे समजू नये. घरातले पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नये, ते मांजरांना विषासारखे आहे आणि त्याने जीव जाऊ शकतो.

त्यानंतर येते घराची मांडणी, आणि येथेच नेहमीचा सल्ला तोकडा पडतो. अनेक मांजरांच्या घरात "उंच जागा वाढवा" असे सांगतात, पण चिंगीसारखीला त्या फळ्यांचा उपयोग शून्य. उलट वरून पाहणाऱ्या मांजरांच्या नजरेखाली तिला जमिनीवर बसावे लागते. तिच्यासाठी जमिनीवरचीच जागा विचारपूर्वक लावायला हवी. चिंगीचे अंथरूण पूर्वी पॅसेजच्या तोंडाशी होते आणि बंड्या स्वयंपाकघरातून नेमका तिच्या पाठीमागून येई. पुढच्या दोन पायांवर सगळा भार टाकून ती अंग वळवीपर्यंत तो अगदी जवळ पोहोचलेला असे, आणि मग कान सपाट करून ती त्याच्या तोंडावरच पंजा मारी. अंथरूण भिंतीला टेकवून तिचे तोंड वाटेकडे येईल असे केले, गुळगुळीत टाइल्सवर जुन्या सतरंज्या टाकल्या, शेजारी दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवला. या साध्या बदलांनी जितकी भांडणे मिटली, तितकी दुसऱ्या कशानेही मिटली नाहीत. खोक्याला दोन तोंडे असणे महत्त्वाचे, कारण एकच तोंड असले तर तो तिच्यासाठी सापळा ठरतो. लिटरचे, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूचे, ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावेत, हा नियम लहान फ्लॅटमध्ये जड जातो हे खरे. तरी निदान तिचा बुटक्या काठाचा ट्रे बाथरूममध्ये इतरांच्या रांगेत ठेवू नये, कारण तेथे तिची वाट अडवणे फार सोपे असते.

दवाखान्यातून आणल्यावर तिला लगेच सर्वांत सोडू नये. तिच्या अंगाला परका वास लागलेला असतो आणि ओळखीची मांजरेही त्यामुळे बिथरतात. मोठे भांडण झालेच, तर काही दिवस दार बंद ठेवून दोघांची अंथरुणे आलटूनपालटून वापरावीत, दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवण द्यावे, आणि दोघेही निवांत जेवू लागल्यावरच दार थोडे थोडे उघडावे. भांडणात हात मात्र घालू नये. मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा. चावा बसल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, मांजरीला रेबीजची लस दिलेली असली तरीही.