‘धन्यवाद’ एका शब्दात का भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जगभरातले धन्यवाद’ या लेखावर तुम्ही हातचं काही न राखता लिहिलंत, बरं वाटलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात देऊन ठेवतो. एक, शब्दांची यादी फोनवर क्षणात मिळते, मग लेखात एवढा कीस कशाला? दोन, परदेशी पाहुण्याची चूक सगळीकडे पोटात घालतात. तीन, जपानी ‘आरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, ही ‘सर्वांना माहीत असलेली’ गोष्ट लेखात नाही. चार, आपल्याकडे घरात कोणी कोणाला धन्यवाद म्हणत नाही, म्हणजे हे सगळं पाश्चात्त्य फॅड. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय, की महिनाअखेरीस ऑफिसच्या कामाने जपानमध्ये ओसाकाला जायचंय, तर आता हे सगळं पाठ करत बसायचं का? ओसाकाचं शेवटी बघू.

यादीत एका भाषेपुढे एकच शब्द असतो, आणि अडचण तिथेच आहे. कित्येक भाषांत बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि काम होऊन गेलंय की व्हायचंय, हे ठरल्याशिवाय शब्द निवडताच येत नाही. पोर्तुगीजमध्ये पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो आणि बाई ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत आपण फरक करतोच, तसंच ते. तरीही दुकानात बाई दिसली की ‘ओब्रिगादा’ म्हणणारे पुरुष पुष्कळ, कारण यादीत दोन्ही रूपं तिरपी रेघ मारून दिलेली असतात आणि कोणतं कोणी वापरायचं ते लिहिलेलं नसतं. थाईमध्येही तेच: ‘खोप खुन’च्या पुढे पुरुष ‘ख्रप’ लावतो, बाई ‘खा’ लावते.

ऐकणाऱ्यावरून बदलणारं उदाहरण त्याच भागातलं घ्या. लाओसमध्ये आभाराचा नेहमीचा शब्द ‘खोप चाय’. बाजारात, बसमध्ये, कोणालाही चालतो. मेकाँग ओलांडून थायलंडमध्ये आलात की तोच शब्द मोठ्याने लहानाला म्हणायचा होतो. आजी नातवाला म्हणेल. तुम्ही तो हॉटेलच्या वयस्कर मालकिणीला म्हणालात, तर शब्द तिला कळेल आणि खटकेलही. कोरियनमध्ये ‘गोमावो’ मित्राला ठीक. वरिष्ठाला किंवा अनोळखी माणसाला ‘गोमाप्सुम्निदा’ नाहीतर ‘खाम्साहाम्निदा’. कोरियन लिपीत या शेवटच्या शब्दात ‘हाम’च्या जागी ‘हाप’ लिहितात, पण पुढे ‘नि’ आल्यामुळे ओठांवर ‘म’च येतो. लिपी वाचून बोलणारे इथे हमखास अडखळतात.

आता ‘चूक पोटात घालतात’ याबद्दल. भाजीवाल्याकडे आणि विमानतळावर घालतात, कबूल. पण काही ठिकाणी चूक झाली हे समोरच्याला कळतच नाही, कारण तुम्ही बोललात ते त्याच्या भाषेत अगदी बरोबर असतं, फक्त अर्थ दुसरा असतो. जर्मनीत हॉटेलात जेवलात, बिल झालं १७.४० युरो. तुम्ही २० ची नोट पुढे केलीत आणि सवयीने ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणालात. वेटरच्या दृष्टीने उरलेले २.६० युरो तुम्ही त्याला टिप दिलेत. तोही ‘डांके’ म्हणून पुढच्या टेबलाकडे जातो आणि तुम्ही सुट्ट्यांची वाट बघत बसता. त्याने फसवलेलं नसतं. तिथे नोट देतानाच एकूण किती घ्यायचे तो आकडा सांगायची पद्धत आहे. साधारण ५ ते १० टक्के वर धरून पूर्ण आकडा करतात. १९ द्यायचे असतील तर २० ची नोट देऊन ‘नॉयन्त्सेन, बिट्टे’ म्हणा, एक युरो परत येईल. सगळे ठेवून घ्यायला सांगायचे असतील तर ‘श्टिम्ट झो’. दोन्ही नको असेल तर नोट देताना काहीच बोलू नका. ‘डांके’ सुट्टे हातात पडल्यावर.

त्याच टेबलावर दुसरा खड्डा आहे. ‘अजून कॉफी घेणार?’ याला नुसतं ‘डांके’ हे उत्तर म्हणजे ‘नको’. हवी असेल तर ‘या, गेर्न’ किंवा ‘या, बिट्टे’. फ्रेंचमध्येही कोणी काही वाढायला आलं आणि तुम्ही नुसतं ‘मेर्सी’ म्हणालात, तर बहुतेक वेळा भांडं पुढे सरकतं. हवं असेल तर ‘वुई, सिल व्हू प्ले’, नको असेल तर ‘नों, मेर्सी’ असं स्पष्ट म्हणावं. आपण पंगतीत आडवा हात धरतो, तो तिथे शब्दात आहे.

हाँगकाँगचा मामला याहून रंगतदार. कँटोनीजमध्ये रोजच्या आभाराचे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोणी तुमच्यासाठी काही केलं, म्हणजे दार धरलं, चहा ओतला, वाट दिली, की ‘म्-गॉय’. कोणी तुम्हाला काही दिलं, म्हणजे भेटवस्तू, नववर्षाचं लाल पाकीट, जेवणाचं आमंत्रण किंवा नुसतं कौतुक, तर ‘दो-झे’. दुकानात गंमत अशी, की पिशवी घेताना गिऱ्हाईक ‘म्-गॉय’ म्हणतं आणि पैसे घेताना दुकानदार ‘दो-झे’ म्हणतो, दोघंही बरोबर. शिवाय ‘म्-गॉय’ हाच शब्द वेटरला हाक मारायला, गर्दीतून वाट काढायला आणि मिनीबस थांबवायला चालतो. ‘याउ लॉक, म्-गॉय’ म्हणजे ‘उतरायचंय, थांबवा’. म्हणून एकच शिकायचा तर हा शिका, पण लाल पाकीट हातात घेऊन ‘म्-गॉय’ म्हणू नका. चहा ओतला जात असताना तोंडात घास असेल, तर दोन बोटांनी टेबलावर दोन-तीनदा टकटक करतात, तेही आभारच. यादीत बोटांना रकाना नसतो.

‘ओब्रिगादो’चं कूळ मी गाळलं, कारण ते खरं नाही. पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले १५४३ साली. त्याच्या पाचशे वर्षं आधी, सन १००० च्या आसपास, सेइ शोनागोन या दरबारी बाईंच्या टिपणांत ‘आरिगाताकि मोनो’ अशी यादीच आहे. ‘आरिगाताशि’ म्हणजे असायला कठीण, दुर्मिळ. त्या यादीत पहिल्या झटक्यात काय येतं? सासऱ्याने वाखाणलेला जावई, सासूची लाडकी सून आणि नीट केस उपटणारा चांदीचा चिमटा. (हजार वर्षांत सासू आणि चिमटा यांत फारसा फरक पडलेला दिसत नाही.) दुर्मिळ, म्हणून मोलाचं, म्हणून कृतज्ञ व्हावं असं, अशी त्या शब्दाची वाटचाल. ‘आरिगाताकु’मधला ‘क’ झिजून ‘आरिगातो’ झालं. सकाळी भेटल्यावर म्हणतात त्या ‘ओहायो गोझाइमास’मधलं ‘ओहायो’ही ‘हायाकु’, म्हणजे ‘लवकर’, यातला ‘क’ असाच झिजून झालं आहे. त्याला पोर्तुगीज मामा शोधावा लागत नाही. जपानीत खरे पोर्तुगीज शब्द हवेच असतील तर ब्रेडसाठीचा ‘पान’ घ्या. ज्या पोर्तुगीज शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून आपला वड्याबरोबरचा पाव आला. गोव्यात पोर्तुगीज १५१० ते १९६१ राहिले, आणि तरीही कोंकणी माणूस आभार मानायला ‘देव बरें करूं’ म्हणतो.

‘घरात कोणी म्हणत नाही’ हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. घरात न म्हणणं ही आपली खासियत नाहीच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतल्या आठ भाषांची रोजची, चित्रित केलेली संभाषणं तपासली होती: कोणी काही मागितलं आणि ते मिळालं, असे प्रसंग. सगळीकडे आभाराचे शब्द क्वचितच निघाले. इंग्रजी आणि इटालियनमध्ये थोडे जास्त, इतकंच. मीठ मागितलं, मीठ आलं, जेवण पुढे चालू. चिनी घरांतही आईला उठल्यासुटल्या ‘शिए-शिए’ म्हणणं परकेपणाचं वाटतं. म्हणजे पाश्चात्त्य-पौर्वात्य अशी वाटणी करायचं कारण नाही. माणसं जवळच्यांत शब्द वाचवतात.

पण शब्द वाचवला म्हणजे पद्धत नाही असं होत नाही. जेवणानंतर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणारी पंगत आपलीच. ‘कशाला एवढा त्रास घेतलात’ हेही आभारच, आणि त्याला ‘त्रास कसला त्यात’ हे ठरलेलं उत्तर आहे. तुर्कीत जेवण करणाऱ्याला ‘एलिनिझे साअलिक’, म्हणजे तुमच्या हाताला आरोग्य लाभो, असं म्हणतात. उत्तर येतं ‘आफियेत ओल्सुन’, म्हणजे अंगी लागो. इराणात कोणी काम करून दिलं की ‘दस्ते शोमा दर्द नकोने’, तुमचा हात न दुखो. त्यावर समोरचा म्हणतो, ‘सरे शोमा दर्द नकोने’, तुमचं डोकं न दुखो. तिथेच एक इशारा: तुम्ही भाडं विचारल्यावर टॅक्सीवाला ‘काबेल नदारे’, म्हणजे ‘कसले पैसे घेऊन बसलात’, म्हणाला, तर आभार मानून उतरू नका. तो शिष्टाचार आहे, सवारी फुकट नाही. दोन-तीनदा आग्रह करायचा, मग तो आकडा सांगतो.

आणि मराठी सभेतल्या आभारप्रदर्शनाला फॅड म्हणायची हिंमत निदान मी करणार नाही, भले तेव्हा अर्धी सभा चहाकडे वळलेली असो. तुमच्या प्रतिक्रियेत मात्र ‘धन्यवाद मानायची गरज नाही’ असं आलंय. धन्यवाद देतात, आभार मानतात.

आता ओसाका. सगळं पाठ करू नका, एवढं पुरे. हातात काही मिळालं, कोणी मदत केली, की ‘आरिगातो गोझाइमास’. ‘तो’ लांबवा. शेवटी खरं तर ‘सु’ आहे, पण त्यातला ‘उ’ जवळजवळ गिळा. नुसतं ‘आरिगातो’ ऑफिसात वरिष्ठांना नको. काम पुरतं संपलं असेल, म्हणजे मीटिंग आटोपली, हॉटेल सोडलं, तर ‘आरिगातो गोझाइमाश्ता’. तुमच्यामुळे कोणाला तसदी पडली, लिफ्ट धरून ठेवली, पडलेली छत्री आणून दिली, तर ‘सुमिमासेन’. एरवी तो माफीचा शब्द, पण अशा जागी आभार म्हणून तोच जास्त शोभतो. जेवून उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’, बिल दुसऱ्याने भरलं असेल तर त्याच्याकडे बघून. टिप ठेवू नका. पैसे विसरलात असं समजून हॉटेलातला पोरगा रस्त्यापर्यंत धावत येतो.

संध्याकाळी ऑफिसातून निघताना ‘ओत्सुकारेसामा देश्ता’. याच्यासारखंच दिसणारं ‘गोकुरोसामा’ वापरू नका, ते वरिष्ठाने हाताखालच्याला म्हणायचं. भारतातून येणारे लोक सर्वांत जास्त विसरतात ती गोष्ट पुढची: आदल्या रात्री कोणी जेवायला नेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी भेटल्याबरोबर ‘किनो वा आरिगातो गोझाइमाश्ता’ म्हणायचं. रात्री दहा वेळा म्हणून झालं असलं तरीही. डेन्मार्कमध्येही मागच्या भेटीबद्दल असेच आभार पुन्हा मानायची रीत आहे, त्यामुळे हे जपान्यांचंच खूळ समजू नका. ईमेलमध्ये व्हायच्या कामासाठी आधीच ‘आरिगातो’ लिहू नका, काम होणार हे तुम्हीच ठरवून टाकल्यासारखं होतं. तिथे शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ शिमास’, म्हणजे कृपया एवढं बघा, असं लिहा.

आणि बाजारात एखादी वयस्कर दुकानदारीण ‘ओओकिनी’ म्हणाली, तर गोंधळू नका. तो त्या भागातला धन्यवाद आहे, फोनवरच्या यादीत तो बहुधा नसेल. तुम्ही उलट ‘ओओकिनी’ म्हणायची गरज नाही. मान थोडी लववून निघालात तरी चालतं.