७२ सामने खेळवायचे आणि घरी पाठवायचे फक्त १६

२०२६ च्या ४८ संघांच्या फुटबॉल वर्ल्डकपचं वेळापत्रक समोर घ्या आणि साधी बेरीज-वजाबाकी करून बघा. १२ गट, एका गटात ४ संघ, गटातले सामने ६. म्हणजे साखळीचेच ७२ सामने झाले. ११ जूनला मेक्सिको सिटीत सुरुवात होणार आणि साखळी संपायला २७ जून उजाडणार. एवढा रामरगाडा उरकल्यावर बाहेर जाणार किती संघ? १६. कतारला २०२२ मध्ये तेवढेच १६ संघ ४८ सामन्यांत बाहेर गेले होते.

आधीच सांगून टाकतो, संघ वाढवले याबद्दल माझी तक्रार नाही. उलट मला आनंदच आहे, त्यावर खाली येतो. माझं भांडण आहे ते ‘बेस्ट थर्ड’ नावाच्या भानगडीशी.

ही भानगड आली कुठून? १२ गटांतले पहिले दोन घेतले की २४ होतात. २४ चे १२, १२ चे ६, ६ चे ३, आणि इथं गाडी अडते. बाद फेरीला ३२ लागतात. मग उरलेले ८ आणायचे कुठून? तर गटात तिसरे आलेल्या १२ संघांची वेगळी यादी लावायची. गुण बघायचे, मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले), मग केलेले गोल, आणि वरचे ८ पुढं ढकलायचे. सरळ सरळ एटीकेटी आहे ही. त्यातही तुम्ही पास की नापास हे दुसऱ्या वर्गातल्या पोरांचे पेपर तपासून झाल्यावर कळणार.

खरं तर २०१७ साली संघ ४८ करायचं ठरलं तेव्हा बेत वेगळा होता. तीन-तीन संघांचे १६ गट. तो याहून वाईट होता. तिघांत शेवटचा सामना दोघांचा, तिसरा घरी बसून टीव्ही बघणार, आणि खेळणाऱ्या दोघांना नेमका कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा हे आधीच ठाऊक. २०२३ च्या मार्चमध्ये किगालीच्या बैठकीत फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, तो बेत गुंडाळला, ते बरंच झालं.

या भीतीला इतिहास आहे. २५ जून १९८२, स्पेनमधलं हिहोन. वर्ल्डकपमधला पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया सामना. अल्जेरियानं पहिल्याच सामन्यात जर्मनीला २-१ असं लोळवलं होतं, आणि आदल्या दिवशी चिलीला ३-२ नं हरवून आपले तिन्ही सामने संपवलेही होते. आता हिशेब असा की जर्मनी एक किंवा दोन गोलनी जिंकली तर जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोघंही पुढं, अल्जेरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ऱ्हुबेशनं गोल केला आणि तिथून पुढं सामना संपल्यातच जमा झाला. मधल्या फळीत आडवे पास, मग मागं, मग गोलकीपरकडं. तेव्हा आपल्याच खेळाडूनं मागं दिलेला पास गोलकीपरनं हातात घ्यायला बंदी नव्हती, त्यामुळं वेळ काढायला रान मोकळं. प्रेक्षकांतले अल्जेरियन नोटा काढून खेळाडूंना दाखवत होते. नियम कुठलाच मोडलेला नव्हता, त्यामुळं निकाल तसाच राहिला. १९८६ पासून मात्र गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करायची पद्धत आली.

बेस्ट थर्डनं नेमका हाच उपाय पातळ करून टाकलाय. सामने एकाच वेळी होणार, पण फक्त आपापल्या गटातले. ए, बी, सी गट २४ जूनला मोकळे होणार आणि जे, के, एल २७ ला. तीन दिवस! शेवटच्या गटांतल्या संघांना मैदानात उतरण्याआधी कळलेलं असणार की तिसऱ्या नंबरला किती गुण पुरतात. पहिल्या गटांतले मात्र अंदाजपंचे खेळून दुसऱ्यांच्या निकालांकडं डोळे लावून बसणार. २०१६ च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, अल्बानियाचं हेच झालं. पहिलीच मोठी स्पर्धा, १९ जूनला रोमानियाला हरवून ३ गुण मिळवले, आणि २२ तारखेला दुसऱ्यांचे निकाल लागल्यावर समजलं की आपण बाहेर. त्याच युरोत पोर्तुगालनं तिन्ही साखळी सामने बरोबरीत सोडवले, ३ गुणांवर तिसरे म्हणून पुढं सरकले आणि कप घेऊन गेले. एकही सामना न जिंकता साखळी पार करायची, हेही याच पद्धतीचं देणं.

आता यंदाचा जे गट बघा. अर्जेंटिना, अल्जेरिया, ऑस्ट्रिया, जॉर्डन. होय, अल्जेरिया आणि ऑस्ट्रिया एकाच गटात, आणि त्यांची गाठ शेवटच्या सामन्यात, २७ जूनला कॅन्सस सिटीत. समजा दोघंही अर्जेंटिनाकडून हरले आणि दोघांनीही जॉर्डनला हरवलं. मग दोघांचे ३-३ गुण. बरोबरी झाली की ४-४. युरो २४ संघांची झाल्यापासून ४ गुणांवर तिसरा आलेला एकही संघ बाहेर गेलेला नाही, आणि तिथंही प्रमाण हेच आहे, सहातले चार तिसरे पुढं. म्हणजे बरोबरीत दोघांचंही भागतं.

बरं, जिंकून दुसरं यायचा मोह तरी किती? जे गटातल्या दुसऱ्याची गाठ थेट एच गटातल्या पहिल्याशी आहे, आणि एच गटात स्पेन आहे. तिसरा आला तर कुणाशी पडेल हे ठरवायला फिफाच्या नियमावलीत तक्ता आहे, कारण बारातून कुठले आठ येतील याच्या शक्यता ४९५ होतात. चारशे पंच्याण्णव! आपला संघ पुढच्या फेरीत कुणाशी आणि कुठं खेळणार हे कळायला तक्ता उघडून बसायचं.

आता आनंदाचं बोलतो. कुरासाव, कॅरिबियनमधलं छोटं बेट. १८ नोव्हेंबर २०२५ ला किंग्स्टनमध्ये जमैकाला ०-० रोखून वर्ल्डकपला गेले. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आमच्या कोल्हापूर शहरात असे तीन कुरासाव सहज मावतील, आणि इथं वर्ल्डकप आला की चौकाचौकात अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक लागतात. केप व्हर्दे, जॉर्डन, उझबेकिस्तान हेही पहिल्यांदाच आलेत. ३२ च्या वर्ल्डकपमध्ये यातले किती दिसले असते सांगा. छोट्या संघांमुळं दर्जा घसरतो म्हणणाऱ्यांनी २०२२ ला सौदीनं अर्जेंटिनाला कसं हरवलं ते पुन्हा बघावं.

आशियाला आता थेट ८ जागा आहेत, पूर्वी साडेचार असायच्या (अर्धी म्हणजे प्ले-ऑफ जिंकलं तरच). आपण? पात्रतेच्या दुसऱ्याच फेरीत बाहेर. दोह्यात कतारनं केलेला तो गोल, चेंडू रेषेबाहेर गेल्यावरचा, त्यावर अजून भांडणं होतात. पण गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो त्याचं खापर कुठल्या रेफ्रीवर फोडणार? २४ संघांच्या आशियाई चषकाचंही तेच. २०२५ च्या ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्ड्यावर आपल्या छांगटेनं आघाडी मिळवून दिली, तरी सिंगापूरकडून २-१ नं हरलो आणि २०२७ च्या चषकाचं दार बंद झालं.

मग करायचं काय? दक्षिण अमेरिकेवाल्यांनी २०३० साठी ६४ संघ सुचवलेत. गणित सुबक बसतं, पण तेवढे संघ घेतले तर पात्रता फेरीत उरलं काय? माझा पर्याय वेगळा आहे. ४८ ठेवा, १२ गट ठेवा, पण पुढं न्या फक्त १६. बारा गटविजेते आणि दुसरे आलेल्यांतले चांगले चार. गटागटांची तुलना यातही राहते हे मान्य. पण तिसऱ्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्याचीही खात्री नाही म्हटल्यावर बरोबरीत हातमिळवणी करून दोघांचं भागणं अवघड होईल.

फिफा हे करणार नाही, कारण मग सामने १०४ चे ८८ होतात. टीव्हीवाल्यांना विकायचे १६ सामने कमी.

कॅन्सस सिटीचा सामना आपल्याकडं रविवारी २८ जूनच्या सकाळी दिसेल. मी बघणार आहे. साठाव्या मिनिटाला ०-० असेल आणि चेंडू मधल्या फळीतच फिरत असेल तर इथंच येऊन शिव्या घालेन, तेव्हा कमेंटमध्ये या.