फॉदरिंगेचा अल्बम आपटला नव्हता आणि सँडी डेनीने जीव दिला नव्हता

गाणे शिकवणाऱ्या माझ्या मामेबहिणीने एक फिरता संदेश मला पाठवला आणि तो विद्यार्थिनींनाही वाचून दाखवल्याचे कौतुकाने कळवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेश सांगतो की सँडी डेनी या इंग्रज गायिकेने १९७० साली ‘फॉदरिंगे’ हा फोक रॉक (लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ घालणारा) बँड काढला, जुन्या लोकगीतांचा त्याचा एकमेव अल्बम कुणी विकत घेतला नाही, तिचा जोडीदार ट्रेव्हर लुकस याने बँड बुडवला, आणि अपयश न पचल्यामुळे तिने गाणे सोडून आयुष्य संपवले.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची विधाने निव्वळ अज्ञानातून आलेली असली तरी हे विधान एका मृत स्त्रीच्या माथी मारलेले धादांत खोटे आहे. बँड मोडला जानेवारी १९७१ मध्ये. सँडी वारली २१ एप्रिल १९७८ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी. गाणे सोडले म्हणे! मधल्या सात वर्षांत तिने स्वतःच्या नावावर चार अल्बम काढले, १९७१ मध्येच लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमात त्यांचा गायक रॉबर्ट प्लँट याच्या बरोबरीने एक गाणे गायले, आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या आपल्या जुन्या बँडमध्ये परत जाऊन १९७५ साली त्यांच्यासोबतही एक अल्बम केला. ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका ठरवले होते. शेवटच्या काळात तिचे पिणे फार वाढले होते, हे नाकारत नाही. परंतु मृत्यूच्या काही आठवडे आधी ती जिन्यावरून पडली होती, नंतर कोसळून बेशुद्ध झाली आणि मेंदूतील रक्तस्रावाने गेली. अधिकृत नोंद अपघाती मृत्यूची आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींसमोर त्या मृत्यूला आत्महत्या ठरवून बोधकथा सांगणे मला अक्षम्य वाटते.

अल्बम कुणी घेतला नाही, हेही खोटे. जून १९७० मध्ये आयलंड कंपनीने काढलेला हा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत १८व्या क्रमांकापर्यंत गेला होता. अपेक्षेपेक्षा कमी खपला असे म्हणा, हवे तर.

लुकसविषयीच्या आरोपात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. बँडचा खर्च हाताबाहेर गेला होता आणि ‘स्टोनहेंज’ असे टोपणनाव पडलेली त्यांची अवाढव्य ध्वनियंत्रणा त्या उधळपट्टीचा नमुनाच होती. मात्र अल्बमचे निर्माते जो बॉइड यांचे २००६ चे आत्मचरित्र वाचले, तर सँडीने बँड न काढता एकटीनेच गावे अशी मुळात त्यांचीच इच्छा होती, हे त्यांच्याच शब्दांत कळते. सारा दोष लुकसवर ढकलणाऱ्यांनी अल्बमातील नेड केली या ऑस्ट्रेलियन दरोडेखोरावरचे त्याचे गाणे तरी ऐकावे. ते त्यानेच लिहिले आणि गायले आहे.

जुन्या लोकगीतांबद्दल एवढेच, की नऊ गाण्यांपैकी पारंपरिक गीत एकच आहे, शेवटचे ‘बँक्स ऑफ द नाइल’. इजिप्तच्या मोहिमेवर निघालेल्या सैनिकाला त्याची प्रेयसी विनवते की केस कापून, पुरुषाचा वेश घेऊन मीही येते. आठ मिनिटांच्या या गाण्यात सँडी कुठेही आवाज चढवून करुणा मागत नाही. गेरी कॉनवेचे ड्रम मागे संथपणे वाजत राहतात आणि ती ओळीच्या शेवटचा स्वर किंचित वळवून सोडून देते. बहिणीने विद्यार्थिनींना संदेशाऐवजी हे ऐकवले असते, तर काही शिकवल्यासारखे झाले असते.

‘एकमेव’ हा शब्द बँड हयात असेपर्यंतच खरा होता. दुसऱ्या अल्बमचे काम अर्धवट सोडून बँड मोडला, त्यातली ‘लेट नोव्हेंबर’ आणि ‘जॉन द गन’ ही गाणी सँडीच्या १९७१ च्या अल्बमात आली, आणि जुन्या फितींवरून कॉनवे, पॅट डोनाल्डसन व जेरी डोनाह्यू या बँडमधल्याच तिघांनी पूर्ण केलेला तो दुसरा अल्बम २००८ साली प्रसिद्ध झाला.