पाणीच घालायचं तर कास्क स्ट्रेंथ कशाला?

नमस्कार. लफ्रॉइग या स्कॉच व्हिस्कीच्या दहा वर्षांच्या कास्क स्ट्रेंथवर, म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच जोराने बाटलीत भरलेल्या प्रकारावर, मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. शेवटी पाणीच घालायचं तर एवढी महाग बाटली कशाला, आणि तिच्या डेटॉलसारख्या वासाचं कौतुक कसलं? दोन्ही मला पटत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये स्पिरिट साधारण 63.5 टक्के अल्कोहोलवर पिंपात भरतात. वर्षागणिक थोडं उडून जातं, जोरही उतरतो. ब्रिटनमध्ये नेहमीची लफ्रॉइग 40 टक्क्यांची मिळते, म्हणजे पाणी घातलेलं असतंच, फक्त ते कंपनीने घातलेलं. कास्क स्ट्रेंथ साधारण 58 च्या आसपास असते. तिची 700 मिलीची बाटली 40 वर आणली तर लिटरभर व्हिस्की होते. किंमत बघताना हा हिशेब धरायला हवा.

पाण्याने चव मरते, हे तर मुळीच खरं नाही. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकावर ग्वायकॉल या धुरकट वासाच्या रेणूचा अभ्यास केला. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर तो वर, हवेलगत राहतो. 59 च्या पुढे अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून टाकतात. ग्लासात मला हेच जाणवतं: नुसती घेतली की नाकाला झणका बसतो आणि पिंपाच्या ओक लाकडाची चव पुढे येते, पाणी पडलं की धूर मोकळा होतो. मग मागून माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, गोडवा आणि मिठासारखी खारट कडा. त्या कडेसाठीच मी ही व्हिस्की घेतो.

आता डेटॉल. तुमचं नाक बरोबर सांगतंय. डेटॉलमधलं औषध फिनॉलच्याच कुळातलं आहे, आणि लफ्रॉइग जिथे बनते त्या आयला बेटावर भिजवलेलं बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळणमातीच्या, धुरावर सुकवतात तेव्हा फिनॉल, क्रेसॉल दाण्यात उतरतात. तिथलं पीट शेवाळ आणि हीदर नावाची झुडपं यांचं, शतकानुशतकं दलदलीत साचलेलं. म्हणून तो वास नावडू शकतो, पण त्याला दोष म्हणणं अन्यायाचं आहे.

एकदा असं करून बघा. 30 मिली ओता, आधी नुसता एक छोटा घोट. मग चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिली पाणी: जवळपास 50 टक्के. दोन-तीन मिनिटं थांबा. आणखी एक चमचा घातला की 43-44. बर्फ नको, गारव्याने वास दबतो. एवढं करूनही डेटॉलच आला, तर स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली 60 टक्क्यांची ग्लेनफार्क्लस 105 ही व्हिस्की घ्या. तिच्यात पीटचा धूर नाही.