‘वेगळे व्हा’ म्हणजे शेजाऱ्याचं दार बंद करा असं नव्हे

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. खऱ्या विश्वासणाऱ्याने जगापासून वेगळं राहावं. इतरधर्मीयांच्या सणाचं काही खाऊ नये. उपासनेत टाळ-मृदंग आणि अभंगाच्या चाली आणू नयेत. कथा, कविता, नाटक, सिनेमा यांपासून लांब राहावं. नोकरीधंदा पोटापुरता करावा, कारण खरी सेवा मंडळीतच होते. राजकारण-समाजकारणाच्या वाटेला जाऊ नये. आणि शेवटी बायबलमधल्या २ करिंथ ६:१७ चा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आधार: त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा.

पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मंडळीतली मुलं एकेक करून दुरावताना ज्यांनी पाहिली, त्यांची धास्ती खरी आहे. पण हा संदेश वाचून आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने शेजारच्या काकूंनी आणलेलं दिवाळीच्या फराळाचं ताट दारातूनच परत पाठवलं, आणि आपण प्रभूची साक्ष दिली असं तिला वाटलं. गप्प बसणं मला आता बरोबर वाटत नाही.

आधी वचनच पाहू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं केलं आहे. पौल ‘वेगळे व्हा’ म्हणतो ते मूर्तिपूजेत भाग घेण्याबद्दल. लगेच आधीच्याच वचनात देवाच्या मंदिराचा मूर्तींशी मेळ कसा बसेल, असा त्याचा प्रश्न आहे. आणि याच करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात (५:९-१०) तो खुलासा करतो की, जगातल्या जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक माणसांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हणालो नव्हतो. तसं करायचं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. त्याची कडक शिस्त आहे ती स्वतःला बंधू म्हणवून पापात राहणाऱ्यासाठी. म्हणजे संदेशात काढलेला अर्थ पौलाने स्वतःच नाकारलेला आहे.

शिवाय ‘निघा’ ही हाक मुळात यशया ५२:११ मधली, बाबेलमधून (बॅबिलोनमधून) परतणाऱ्या यहुदी बंदिवानांना दिलेली. पण बाबेलात राहणं भाग होतं तेव्हा त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र धाडलं (अध्याय २९): घरं बांधा, मळे लावा, मुलांमुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी त्यांना कैद करून नेलं त्यांचं ते नगर होतं! प्रभू येशूनेही पित्याजवळ शिष्यांसाठी मागितलं ते यांना जगातून काढून घे असं नाही, तर वाइटापासून राख असं (योहान १७:१५).

आता फराळाचं ताट. पौलाचा नियम १ करिंथ १०:२५-२९ मध्ये अगदी व्यवहारी आहे. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. मात्र ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तेव्हा प्रसाद म्हणून कोणी हातावर काही ठेवलं, तर हात जोडून, चेहरा न पाडता नको म्हणता येतं. पण चकली, शंकरपाळे, दोन करंज्या आणि वर विणलेला रुमाल टाकून आणलेलं ताट हा शेजारधर्म आहे. नगर-सोलापूरकडच्या आपल्या घरांतही नाताळला करंज्या तळल्या जातात आणि ताटं शेजारीपाजारी जातात. त्यांनी आपलं घ्यावं आणि आपण त्यांचं परत पाठवावं, हे शेजाऱ्यावर प्रीती करण्यात कुठे बसतं?

टाळ-मृदंगाच्या मुद्द्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण इथे आपण आपल्याच घरातलं देणं नाकारतो आहोत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन टाकून दिलं नाही. त्यातूनच ख्रिस्ताची सुवार्ता गावागावांत नेली. त्यांच्याही आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तनं केली, गीतं रचली. आज रविवारी आपण उपासनेला उभे राहून जे गातो त्यातलं कितीतरी या माणसांचं आहे. समोर देव न जाणणारे शेतकरी बसलेत, आणि कीर्तनकार बुवा पूर्वरंगात एक वचन घेऊन उत्तररंगात उधळ्या पुत्राची गोष्ट लावतात, मागे टाळ चालू आहेत: अशी सुवार्ता त्या श्रोत्यांना परकी वाटली नाही.

आणि वाद्यच जर अशुद्ध असेल तर नियम सगळ्यांना लावा. जी पेटी आपण उपासनेत निःशंकपणे वाजवतो ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली, आणि ती तमाशाच्या फडातही वाजली. गिटार आणि ड्रम कुठे कुठे वाजतात ते सांगायला नको, पण संदेशात त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. मग हरकत मूर्तिपूजेला आहे की मराठीपणाला? स्तोत्र १५० मध्ये डफ आहे, तंतुवाद्यं आहेत, झणझणणाऱ्या झांजा आहेत. आपल्या टाळांना त्यात जागा नाही असं कोण म्हणेल?

कथा-कवितांबद्दल थोडक्यात. अथेन्समध्ये पौलाने ग्रीक कवींची ओळ घेऊनच देवाबद्दल सांगितलं (प्रेषितांची कृत्ये १७:२८). दानीएल बाबेलची भाषा आणि विद्या शिकला, राजाची चाकरी केली, आणि तरी राजाचं अन्न नाकारलं, प्रार्थना सोडली नाही. काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला कळत होतं. मुलांना सरसकट बंदी घातली की ती चोरून बघतात. शेजारी बसून बघितलं आणि नंतर त्यावर बोललं, तर निवड करायला शिकतात.

‘खरी सेवा मंडळीतच’ हे म्हणणं मात्र आपल्या लोकांचं रोजचं जगणं हलकं करतं. कलस्सै ३:२३ मध्ये जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवापासून करा, असं सांगितलं ते उपदेशकांना नव्हे, तर दासांना, म्हणजे पाणी भरणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या माणसांना. पौल स्वतः तंबू शिवत होता. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहा. १९०५ मध्ये तिथे मोठं संजीवन (विश्वासाची नवजागृती) झालं, रात्र रात्र प्रार्थना चालल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा शेती करत होत्या, विणत होत्या, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. रमाबाईंचं मराठी पवित्र शास्त्र त्यांच्याच हातून छापलं गेलं. तिथली प्रार्थना आणि तिथले शाईने काळे झालेले हात वेगळे कसे काढणार?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, ते ख्रिस्तावरच्या विश्वासापायी. त्या दुष्काळी तालुक्यात त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणं सुखरूप होऊ लागली, लहान मुलं वाचू लागली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाळंतिणीचा धर्म विचारून तिथे उपचार झाले नाहीत. हे काम मंडळीच्या भिंतीबाहेर झालं, म्हणून ती सेवा नव्हे का?

राहिला राजकारणाचा मुद्दा. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स नावाचा तरुण ब्रिटिश खासदार नव्याने विश्वासात आला आणि संसद सोडावी का, असा सल्ला विचारायला पाळक जॉन न्यूटन यांच्याकडे गेला. न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते. त्यांनी त्याला संसदेतच राहायला सांगितलं. पुढे १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला, त्यामागे त्याचे वीस वर्षांचे कष्ट होते. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जगभरचे सुवार्तावादी पुढारी जमले, तेव्हा सुवार्ता सांगणं आणि समाजात न्यायासाठी झटणं ही दोन्ही आपली कर्तव्यं आहेत, असं त्यांनी जाहीर लिहून दिलं.

आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. दफनभूमीच्या जागेचा प्रश्न निघाला की आपण सगळे मिळून जातो. वरच्या आळीला पाणी येत नाही, तेव्हा आपल्यातलं कोणी तिथे नसतं. पाळकांनी उपासनेनंतरच्या सूचनांत प्रार्थनासभेच्या वेळेबरोबर ग्रामसभेची तारीखही वाचून दाखवावी, आणि त्या दिवशी मंडळीतल्या चार जणांनी दफनभूमीचा विषय नसतानाही जाऊन बसावं.